कुत्री पाणी पिते का

कुत्री सकाळी धुऱ्याच्या बांधावरून आली तेव्हा तिच्या मागच्या मांडीचं कातडं लोंबत होतं. रक्त फार नव्हतं. आतलं लाल मांस दिसत होतं आणि त्याला माती न् कुसळं चिकटली होती. ती ओरडत नव्हती. आली, कोठ्यात गाईच्या गव्हाणीखाली बसली आणि चाटायला लागली.

आमचं घर वाडीतच आहे. तळेगावहून आष्टीकडे जाताना रस्त्यापासून बरंच आत. थोडी संत्र्याची झाडं, बाकी सगळा भाजीपाला. घरात माणसं तीन: मी, माझा बुढा आणि सून. मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो, सणावाराला येतो. कुत्री राखणीसाठी ठेवलेली. तिला आम्ही नाव ठेवलं नाही. यू यू केलं की येते, हड म्हटलं की जाते, तेवढं पुरतं.

मला वाटलं रानडुकराने फाडलं असेल. डुकराचा सुळा असाच लागतो, पात्याने चिरल्यासारखा. मी गंजात पाणी तापवलं, त्यात मीठ टाकलं आणि नुसत्या हाताने तिची मांडी धुतली. माझे हात बारा महिने फाटलेले असतात. भेंडी तोडणाऱ्या बाईचे हात कसे असतात ते भेंडी तोडणारीलाच माहीत. मिठाचं पाणी मला झोंबलं तसं तिलाही झोंबलं असेल. तिने एकदा माझं मनगट तोंडात धरलं, दाबलं नाही, सोडून दिलं.

धुणं चालू होतं तेवढ्यात शेजारच्या वावरातला माणूस पाण्याच्या पाळीचं विचारायला आला. आम्हाला तो काकू-काकाजी म्हणतो. लांबच उभा राहिला.

"काकू, कायनं फाडलं हे?"

"डुक्कर असन."

"पाह्यलं का तुमी?"

"पाह्यलं असतं तर असन म्हटलं असतं का?"

तो हसला नाही. "आमच्या गोऱ्ह्याले चावलं ना परवा एक कुत्रं. पिसाळलेलं होतं. तोंडातून लाळ गळून राह्यली होती, कोनाकडे पाहे नाई, सरळ नाल्याकडे चालत गेलं. मंग कोनाले दिसलं नाई. तुमचं हे डुकरानं केलं का त्या कुत्र्यानं, कोन सांगन?"

मी हात पाण्यातून काढला आणि बोटांकडे पाहिलं. सगळ्या चिरा उघड्या होत्या.

मी तिसरीत होते तेव्हा माझ्या माहेरी, आमच्याच ओळीतल्या एका बाईला कुत्रं चावलं होतं. तिच्या घरच्यांनी कोणाकडून तरी मुळी आणून खाऊ घातली, जखम भरली, सगळे विसरले. मग खूप दिवसांनी तिला पाणी जाईना. नवऱ्याने लोटा पुढे केला की तिचा गळा कोणी आवळल्यासारखा व्हायचा. तिला तुरीची पोती ठेवायच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. आम्ही पोरं खिडकीतून पाहत होतो. तिने आम्हाला एकेकाला नावाने हाक मारली. पाणी मागितलं. आणलं तर तोंड फिरवलं. मला तोवर वाटायचं की पिसाळलेल्या माणसाला काही समजत नाही. तिला सगळं समजत होतं. नंतर मोठ्या माणसांनी आम्हाला हाकललं. पुढे त्या खोलीचं दार उघडलं ते तिला बाहेर काढण्यासाठीच.

पुष्कळ वर्षं झाली. माणसं मेलेली मी खूप पाहिली, त्यात माझी आईही आली. पण भीती वाटते ती त्याच मरणाची.

ढोरांचा डॉक्टर फटफटीवर आला. बुढ्याने कुत्रीचं तोंड दोरीने बांधलं. डॉक्टरने लोंबणारं कातडं कापून टाकलं. म्हणाला, हे मेलेलं आहे, टाके घेऊन उपयोग नाही, जखम आतून आणि कडेने भरत येऊ द्यायची. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, माशा बसू देऊ नका, आणि काही झालं तरी चाटू देऊ नका. त्याने तिला जखमेची सुई दिली आणि पिसाळण्यावरचीही सुरू केली. मग माझे हात पाहिले.

"आजी, तुमी धुतलं हे? असंच, नुसत्या हातानं?"

"मंग कायनं धुऊ?"

"आजच्या आज दवाखान्यात जा. सुया घ्या. पुऱ्या घ्या, एक घेऊन घरी नका बसू. आन् इथून पुढे हाताले पिशवी बांधत जा."

सून मला स्कूटीवर आष्टीला घेऊन गेली. दवाखान्यातली नर्स विचारते, कुठे चावलं. मी म्हटलं, चावलं नाही. मग कशाला आल्या? म्हटलं, कुत्रीला चावलं असेल तर, आणि ते पिसाळलेलं असेल तर, आणि माझ्या हातात गेलं असेल तर. नर्स म्हणाली, "बाप्पा, किती तर." पण सुई दिली. चांगली समजावूनही सांगितलं: सुया पुऱ्या घ्या, आणि कुत्रीवर नजर ठेवा. ती नीट राहिली तर तुम्हालाही काही नाही.

हे तिने धीर द्यायला सांगितलं. मला त्याने धीर आला नाही. त्या बाईनेही औषध खाल्लंच होतं. ते औषध मुळीचं होतं आणि हे सुईचं, एवढा फरक मला कळतो. पण कळणं डोक्यात असतं आणि भीती गळ्यात असते. त्या दिवसापासून मी सकाळी उठले की चहाच्या आधी लोटाभर पाणी घटाघटा प्यायचे. गेलं की मग कोठ्यात जाऊन कुत्रीचा पाण्याचा गंज पाहायचे. तिने पाणी प्यालं असेल तर कामाला लागायचे. हे मी कोणाला सांगितलं नाही. पण सुनेच्या लक्षात आलं.

"आत्याबाई, तुमी आजकाल लय पानी पिऊन राह्यल्या."

"ऊन हाये."

"पाऊस हाये बाहेर," ती म्हणाली आणि गेली.

जखम भरेना. वरून सुकली असं वाटायचं, दोन-चार दिवसांनी दाबलं की आतून पू यायचा. मी हाताला पिशवी बांधून रोज धूत होते. चाटू नये म्हणून बुढ्याने एका जुन्या टोपल्याचं बूड काढलं आणि ते टोपलं तिच्या गळ्यात अडकवलं. ती त्या टोपल्यासकट वाडीभर फिरायची, वांग्यांच्या झाडांत अडकायची. टोपलं निसटलं की पहिलं काम चाटण्याचं. जिभेने सगळी नवी खपली काढून ठेवायची. माणसाला सांगता येतं, हिला काय सांगणार.

असा महिना गेला आणि शेजाऱ्याचा गोऱ्हा गेला. आधी नुसता हंबरत राहिला, मग दोर चावायला लागला, मग तोंडातून फेस. त्यांच्या घरच्या सगळ्यांनी सुया घेतल्या. म्हणजे ते कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं. आता फक्त एवढंच राहिलं होतं की आमच्या कुत्रीला डुकराने फाडलं की त्याने. हे तिलाच माहीत होतं.

शेजारी धुऱ्यावर आला आणि बुढ्याला म्हणाला, "काकाजी, मी तर म्हनतो वाट नका पाहू. घरात सून हाये, काकू हायेत."

बुढा म्हणाला, "पाहू."

बुढा संत्र्यातला माणूस आहे. आमच्या एका झाडाला डिंक्या लागला होता. डिंक्या म्हणजे बुंध्याची साल कुजते, डिंक गळतो आणि हळूहळू झाड जातं. सगळे म्हणाले तोडून टाक. बुढ्याने चाकूने कुजलेली साल चांगलं लाकूड लागेपर्यंत खरडली आणि मोरचूद न् चुन्याचा निळा लेप लावला. लावत राहिला. कडेने नवी साल आली, झाड वाचलं, आजही फळ देतं. तेव्हापासून बुढ्याला वाटतं की जगात न भरणारं काही नाही, खरडणारा पाहिजे.

मी त्या दिवशी तळेगावच्या बाजारात गेले होते. परत आले तर कुत्रीची मांडी निळी. टोपलं कोठ्याच्या खुंटीला टांगलेलं.

"हे काय?"

"लेप लावला."

"झाडाचा?"

"मंग? झाडाची साल भरते तर हिची काऊन नाई भरन? डॉक्टरानंच सांगतलं ना, कडेनं भरत येते म्हनून. तेच तर हाये."

मी वाकून पाहिलं. त्याने जखम खरडून साफ केली होती आणि ब्रशने लेप नीट, कडेपर्यंत सारवला होता. एकही माशी बसत नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माशी बसत नव्हती. मला ते बरं वाटलं. टोपल्याचं विचारलं तर म्हणाला, एवढं कडू कोण चाटते, जरा मोकळी राहू दे तिला. मला तेही पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्याले आणि कोठ्यात गेले. गंज भरलेला होता, तसाच. कुत्री गव्हाणीखाली नव्हती. शोधली तर बंडीच्या खाली, चाकाला पाठ लावून बसलेली. यू यू केलं, आली नाही. मान खाली आणि तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत.

मी तिथून मागे सरले ते पाठ न फिरवता.

बुढा आला, सून आली. सुनेने मला दंडाला धरून ओट्यावर नेलं. बुढ्याने लांब तुराट्या घेऊन तिला ढकलत ढकलत मोटारीच्या खोलीत घातलं. विहिरीजवळची ती छोटी खोली, आता मोटार पाण्यात असल्याने रिकामीच पडलेली. ती चावायला आली नाही. लडखडत गेली. बुढ्याने दार ओढलं आणि कडी लावली.

कडीचा आवाज झाला आणि मला तुरीच्या पोत्यांची खोली दिसली. मी ओट्यावर बसले होते. कुत्रीची दया येत होती असं मी म्हणणार नाही. मला माझंच वाटत होतं. ती नीट राहिली तर तुम्हालाही काही नाही, असं नर्स म्हणाली होती. आणि ती नीट राहिली नव्हती.

शेजाऱ्याला कोणी सांगितलं माहीत नाही. तो काठी घेऊनच आला.

"काकाजी, आता तर लाळ गळून राह्यली. आता काय पाह्यचं राह्यलं?"

 बुढ्याने काठीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "आधी पानी पिते का पाहू."

"काकू, पानी पिऊन काय होते?"

"मले पाह्यचं हाये."

मोटारीच्या खोलीचं दार खालून कुजलेलं आहे, एक फळी अर्धी गेलेली. मी पसरट भांड्यात पाणी घेतलं आणि तुराटीने ते फळीखालून आत सरकवलं. मग जमिनीवर बसून पाहिलं. कुत्री कोपऱ्यात होती. पाणी हललं तसं तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी उठले. घरात गेले. लोटा भरला आणि तोंडाला लावला. पाणी गेलं नाही. घशात आलं आणि तिथेच थांबलं, मला ठसका लागला, नाकातून बाहेर आलं. पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच. सून दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा झाला. ती जवळ आली नाही. तिला दोष देत नाही, मीही आले नसते. मग ती आली. माझ्या हातातून लोटा घेतला, खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर धपाधप मारलं.

"आत्याबाई, तुमी भेल्या हायेत. भेल्यानं होते असं. बसा. सावकाश घ्या."

"तुले काय माहीत?"

"मले काई माहीत नाई. बसा."

तिने वाटीत पाणी दिलं, आणि मी लहान पोरासारखी एक एक घोट घेतला. गेलं. हळूहळू गेलं. मी वाटी रिकामी करून तिला दाखवली.

बाहेरून बुढ्याने हाक मारली.

आम्ही गेलो तर तो फळीजवळ उकिडवा बसला होता आणि शेजारी त्याच्या मागे. कुत्री भांड्यापर्यंत सरपटत आली होती आणि पीत होती. सगळं प्याली. भांडं चाटलं. मला काही समजेना. मग ती थरथरली, पोट आत ओढलं आणि ओकली. पाणीच ओकली, फळीखालून ते उजेडात वाहत आलं.

ते निळं-हिरवं होतं.

त्या रंगाची दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. लेप कालवायच्या ड्रमाला तो रंग आहे, ब्रशाला आहे, बुढ्याच्या कामाच्या धोतराला आहे.

मी म्हटलं, "तुमचे हात दाखवा."

बुढ्याने हात पुढे केले. नखांत तो रंग अजून होता. त्याने ओकारीकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं.

"चाटला तिनं," तो म्हणाला. "कडू असून चाटला."

"टोपलं कोनं काढलं?"

त्याने हात धोतराला पुसले.

ढोरांच्या डॉक्टरला सुनेने फोन लावला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मोरचूद? कुत्रीले? द्या काकाजीले फोन." मग फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "काकाजी, फवाऱ्याचा पंप नाई ना मारला तिच्यावर? तेवढाच राह्यला असन."

तो आला. हातमोजे घालून तिची मांडी धुतली, लेपाचा कण ठेवला नाही. कातडीखाली सलाईन दिलं, सुया दिल्या. म्हणाला, लाळ, ओकारी, लडखडणं, हे मोरचूदानेच असेल. मोरचूद पोटात गेलं तर मोठं जनावरही मरतं, ही वाचली तर नशीब.

मी विचारलं, "मंग पिसाळली नाई ना? पानी पेली ती."

त्याने हातमोजे काढले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. हे मला त्याचं आवडलं आणि तेव्हाच नकोसंही वाटलं. "आजी, खोटं नाई सांगत. पान्याचं भेव मानसाले वाटते. कुत्र्याचं तसं नसते. पिसाळलेलं कुत्रंही पानी पिते कधी कधी. पानी पेली म्हनून नाई, अन् लाळ गळली म्हनून हो, असं नसते. मले मोरचूदच वाटते. पन कोंडूनच ठेवा, लांबूनच खायला द्या. दिवस जाऊ द्या."

म्हणजे इतके दिवस मी रोज सकाळी जे पाहत होते, ते पाहण्याचा काही उपयोग नव्हता.

शेजारी काठी घेऊन उभाच होता. बुढा त्याला म्हणाला, "जाय घरी. लागन तर हाक मारतो."

"काकाजी..."

"जाय म्हटलं ना. काठी इथंच ठेवून जाय."

त्याने काठी दाराशी टेकवली आणि गेला. ती तिथेच राहिली. मी जाता-येता ती पाहायचे.

मग दिवस जाऊ दिले. मी सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला मोटारीच्या खोलीसमोर बसू लागले. सावली तिथे असते असं मी सुनेला सांगितलं. कुत्री आत, मी बाहेर, मध्ये दार. पहिले दिवस ती पडूनच होती. श्वास घेताना बरगड्या हलायच्या, तेवढंच. मी जुडी बांधायची, फळीखालून पाहायची, पुढची जुडी बांधायची. तिने कान हलवला की मला वाटायचं, बरं आहे. तिने दात दाखवले की वाटायचं, आलं. एकदा ती स्वतःशीच गुरगुरली आणि माझ्या हातातली जुडी सुटली. ती झोपेत गुरगुरत होती.

एका दुपारी बुढ्याने भाकर कुस्करून आत सरकवली आणि तिने ती खाल्ली. ओकली नाही. दुसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकून तिने शेपटी जमिनीवर आपटली. मी तिला म्हटलं, "उगाच नको लाडात येऊ." पण जुड्या नीट बांधल्या गेल्या त्या दिवशी.

डॉक्टर पुन्हा आला, पाहून गेला, मग पुन्हा आला. त्याने कडी स्वतः काढली. कुत्री बाहेर आली, उन्हात उभी राहिली आणि आधी विहिरीच्या कट्ट्यापाशी जाऊन मुतली. डॉक्टर म्हणाला, पिसाळलेली असती तर एव्हाना संपली असती. ही भीती सोडा, आता जखमेकडे लक्ष द्या. बुढ्याने कोणी न सांगता टोपलं आणलं आणि तिच्या गळ्यात घातलं.

जखम त्यानंतरही घाईने भरली नाही. मिठाचं पाणी, हाताला पिशवी, टोपलं, रोज. बुढा पाय धरायचा, मी धुवायची. तो नुसता जखमेच्या कडेकडे पाहत राहायचा. एके दिवशी म्हणाला, "पाह्य, आलं." कडेने गुलाबी, पातळ कातडी आली होती, दुधावर साय धरते तशी. ती दाबली तर आत पू नव्हता. पुढे ती हळूहळू मधे सरकत गेली आणि एक रुपयाएवढी जागा राहिली, ती किती तरी दिवस तशीच राहिली. मग तीही मिटली. तिथे केस आले नाहीत. डाग उन्हात चमकतो.

डुक्कर होतं की ते कुत्रं, हे अजून माहीत नाही. माझ्या सुया पुऱ्या झाल्या. नर्स म्हणाली, आता काही होत नाही, निश्चिंत राहा. डॉक्टरही तेच म्हणाला. दोघं शिकलेले आहेत, खोटं बोलत नाहीत. कुत्र्याच्या पाणी पिण्यावरून काही समजत नाही, हेही मला आता पक्कं माहीत आहे.

तरी सकाळी उठले की मी आधी लोटाभर पाणी पिते. गेलं की कोठ्यात जाते आणि तिचा गंज पाहते.